लिथियम फ्लोराईडच्या स्फटिकाने प्रोटॉन बीम मोजताना

ठाण्याहून मेडिकल फिजिक्सच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "प्रकल्पासाठी लिथियम फ्लोराईडचे १० × १० × १ मिलिमीटरचे, पॉलिश केलेले सहा स्फटिक मिळाले आहेत. खारघरला प्रोटॉन बीमवर थोडा वेळ मिळण्याची शक्यता आहे. स्फटिकातल्या रंगकेंद्रांची चमक वाचून डोस कळतो, असं वाचलं. आपल्या टीएलडी बॅजपेक्षा हे वेगळं कसं? आणि ब्रॅग पीकपाशी, म्हणजे प्रोटॉन थांबण्याच्या बेतात सर्वाधिक डोस टाकतात तिथे, डोस कमी का दिसतो?"

डोस कळतो. पण प्रोटॉन कुठे थांबले हे स्फटिक फार चांगलं सांगतो, आणि नेमके किती ग्रे (डोसचं एकक) पडले हे त्या मानाने कच्चं सांगतो. हे आधी मनाशी ठरलं की प्रयोगाची मांडणी बरीच सोपी होते. जागा स्फटिकाला विचारायची, ग्रेचा आकडा आयन चेंबरकडून, म्हणजे वायूत तयार झालेला विद्युतभार मोजून डोस सांगणाऱ्या उपकरणाकडून, घ्यायचा.

टीएलडी बॅजपासून, म्हणजे विकिरणाजवळ काम करणारे अंगावर लावतात त्या डोस मोजणाऱ्या बॅजपासून, सुरुवात करू, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. आपल्याकडच्या रुग्णालयांत दर तिमाहीला बदलला जाणारा बॅज डिस्प्रोझियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटचा असतो. टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या, त्यांवर वेगवेगळे फिल्टर. विकिरणाने सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकात आधीपासून असलेल्या सापळ्यांत अडकतात. चकती जवळपास ३०० अंशांना तापवली की ते सुटतात आणि जाताना प्रकाश देतात. तो प्रकाश एकदा मोजला की हिशेब संपला. वाचताना काही चुकलं तर ती नोंद जवळजवळ गेलीच.

शुद्ध लिथियम फ्लोराईडमध्ये घडतं ते निराळं. तिथे विकिरण जुने सापळे भरत नाही, नवे दोष घडवतं. प्रोटॉन जाताना जी ऊर्जा टाकतो तिने एक फ्लोरिन आपल्या जागेवरून हलतो, मागे रिकामी जागा उरते आणि त्या जागेत एक इलेक्ट्रॉन बसतो. हे एफ-केंद्र. एफ हे अक्षर जर्मन 'फार्बे', म्हणजे रंग, या शब्दातून आलं. एकट्या एफ-केंद्राचं शोषण २४८ नॅनोमीटरला, खोल अतिनील भागात असतं, त्यामुळे ते आपल्या फारसं कामाचं नाही. कामाची आहेत त्याची कुटुंबं. दोन एफ-केंद्रं शेजारी आली की एफ-टू. तीन रिकाम्या जागा आणि मिळून दोनच इलेक्ट्रॉन असले की एफ-थ्री-प्लस. सोय अशी की दोघांचंही शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एकाच निळ्या एलईडीने दोघांना जागं करता येतं. उत्तर मात्र दोन रंगांत येतं: एफ-थ्री-प्लस ५४१ नॅनोमीटरला हिरवं, एफ-टू ६७८ नॅनोमीटरला लाल. निळा प्रकाश काढला की केंद्र पुन्हा मूळ अवस्थेत, जागच्या जागी. म्हणून हाच स्फटिक उद्या वाचा, सहा महिन्यांनी वाचा, नोंद तिथेच असते.

या टिकाऊपणाचा एक फायदा फार कमी जण घेतात. तुमच्या सहापैकी पाच स्फटिक बीमवर नेण्याआधी लिनॅकच्या (रेडिओथेरपीच्या नेहमीच्या यंत्राच्या) ६ एमव्ही फोटॉन बीमखाली एकदम ठेवा, पुरेशा बिल्डअपखाली (डोस स्थिरावण्यासाठी वर ठेवलेल्या थराखाली), आणि सगळ्यांना २० ग्रे द्या. दुसऱ्या दिवशी वाचा. आता प्रत्येक स्फटिकाची मोजपट्टी त्याच्याच अंगावर कोरलेली आहे. प्रोटॉन दिल्यावर पुन्हा वाचा आणि पहिली प्रतिमा वजा करा. उरतं ते प्रोटॉनचं; त्याला त्याच पहिल्या प्रतिमेने भागा. हजारो ग्रेपर्यंत चमक डोसच्या सरळ प्रमाणात वाढत असल्यामुळे हा हिशेब चालतो. स्फटिकास्फटिकांतला संवेदनशीलतेचा फरक, पॉलिशमधला फरक, अगदी एखाद्या कोपऱ्यातला ओरखडासुद्धा यात बराचसा कटून जातो. उरलेला सहावा मात्र कोरा ठेवा. त्याला काहीच द्यायचं नाही, तो पार्श्वभूमीसाठी.

बीमवर काय करायचं ते आता. उपचाराचे प्रोटॉन साधारण ७० ते २३० एमईव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) असतात. पाण्यात ७० एमईव्हीचा प्रोटॉन सुमारे ४ सेंटिमीटर जातो, १०० एमईव्हीचा ७.७, १५० चा १५.८ आणि २३० चा ३३. लिथियम फ्लोराईडची घनता २.६३५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. प्रोटॉनच्या दृष्टीने त्याचा १ मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सुमारे २.१३ मिलिमीटर. म्हणजे तुमचा १० मिलिमीटरचा स्फटिक आडवा ठेवून कडेतून बीम सोडला तर पाण्याच्या २१ मिलिमीटरइतका पल्ला त्यात मावतो. खोलीनुसार डोसचा सगळा वक्र मावणार नाही, पण ब्रॅग पीक आणि त्यापुढची उतरण आरामात मावते, आणि खरी माहिती तिथेच आहे.

१०० एमईव्ही निवडा. स्फटिकापुढे पाण्याच्या ६५ मिलिमीटरइतका अडसर ठेवा. ॲक्रिलिक वापरत असाल तर ते ५६ मिलिमीटर होतं, कारण ॲक्रिलिकचा १ मिलिमीटर पाण्याच्या १.१६ मिलिमीटरसारखा वागतो. उरले पाण्याचे १२ मिलिमीटर, म्हणजे स्फटिकात सुमारे ५.६ मिलिमीटर. पीक जवळपास मधोमध येतो आणि दोन्ही बाजूंना जागा राहते. ऊर्जेत किंवा अडसरात थोडी चूक झाली तरी तो स्फटिकाबाहेर पळत नाही.

ॲक्रिलिकबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गफलत सर्वांत जास्त इथेच होते. तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसीत कुठेही शीट कापून मिळते, पण "१० एमएम" म्हणून दिलेली कास्ट शीट ९.३ही भरते आणि १०.५ही. पाच तुकडे रचले की चूक दोन-तीन मिलिमीटरवर जाते आणि तुमचा पीक तेवढाच सरकतो. प्रत्येक तुकडा पाच ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा, आकडा मार्करने तुकड्याच्या कडेवर लिहा, आणि हिशेबात तोच आकडा घ्या. स्फटिक बसवायचा खाचा लेझरने कापून घेऊ नका. लेझरची कड किंचित तिरपी येते, वर रुंद आणि खाली अरुंद; स्फटिक वरच्या अंगाला सैल बसतो आणि तिथे हवेची फट राहते. मिलिंग मशीनवर करून घ्या आणि फट ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगा. ही फट एवढी महत्त्वाची का? कडेतून आलेल्या प्रोटॉनला हवेची चिंचोळी वाट मिळाली की तो ऊर्जा न गमावता पुढे जातो आणि मागाहून बाजूने स्फटिकात शिरतो. प्रतिमेत पीकच्या पुढे, जिथे काहीच असायला नको, तिथे कडेला पुसट शेपूट दिसते. ती दिसली तर आधी खाचा तपासा.

दुसरी गोष्ट, स्फटिक ॲक्रिलिकपेक्षा दाट आहे. कडेजवळचे प्रोटॉन विखुरून ॲक्रिलिकमध्ये जातात, ॲक्रिलिकमधले स्फटिकात येतात, आणि दोघांचा पल्ला वेगळा. म्हणून १० मिलिमीटरच्या रुंदीतल्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन मिलिमीटर सोडून द्या आणि मधल्या पट्ट्याचीच सरासरी घ्या. जाडी १ मिलिमीटरच असल्यामुळे वरखालची देवघेव टाळता येत नाही. ती मॉन्टे कार्लो गणनेत (एकेका प्रोटॉनचा प्रवास संगणकावर चालवून बघणाऱ्या गणनेत) स्फटिक आणि खाचा जसाच्या तसा काढूनच हिशेबात घ्यावी लागते. साध्या पाण्याच्या वक्राशी थेट तुलना करू नका.

डोस किती द्यावा? उपचारात एका बैठकीला रुग्णाला साधारण २ ग्रे मिळतात. तेवढ्यात स्फटिक उजळतो, पण प्रतिमेत गोंगाट फार येतो. पहिल्या प्रयोगाला पीकजवळ ५० ग्रे धरा. प्रोटॉनच्या संख्येत बोलायचं तर १५० एमईव्हीला पाण्यात १ ग्रे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११५ कोटी प्रोटॉन. पेन्सिल बीमने ३ × ३ सेंटिमीटरचंच क्षेत्र रंगवायला सांगा; १० × १० केलंत तर मशीनचा वेळ उगाच जातो आणि रुग्णांच्या रांगेपुढे तुमच्या प्रकल्पाला दुसऱ्यांदा वेळ मिळणं अवघड होतं. त्याच मांडणीत, स्फटिकाच्या जागी, टीआरएस-३९८ (डोस मोजण्याची आंतरराष्ट्रीय संहिता) पद्धतीने आयन चेंबरचं वाचन त्याच दिवशी घ्या. ते नसेल तर तुमच्या हातात वक्राचा आकार उरेल, ग्रे नाहीत.

बीम बंद झाल्यावर लगेच खोलीत शिरून स्फटिक खिशात टाकायचा नाही. लिथियमवर प्रोटॉन आदळला की बेरिलियम-७ बनतं. त्याचं अर्धायुष्य ५३ दिवस आणि गॅमा ४७८ केईव्हीचा. फ्लोरिनपासून फ्लोरिन-१८, अर्धायुष्य ११० मिनिटं. ॲक्रिलिकमधल्या कार्बनपासून कार्बन-११, २० मिनिटं. ५० ग्रेला हे सगळं अल्प असतं, पण अल्प आहे हे सर्व्हे मीटरने ठरवायचं, अंदाजाने नाही. आरएसओंनी (विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांनी) मोजून नोंद केल्याशिवाय स्फटिक इमारतीबाहेर नेऊ नका. तासाभराची वाट पाहण्यात नुकसान काही नाही, कारण वाचन तसंही त्याच दिवशी करायचं नाही.

का नाही? विकिरणानंतर केंद्रं लगेच स्थिर होत नाहीत. रिकाम्या जागा सामान्य तापमानाला हळूहळू सरकत राहतात, एफ-केंद्रांना भेटतात, मधल्या टप्प्यातलं एक इलेक्ट्रॉन-गरीब केंद्र बनतं आणि काही तासांत तेही रूप बदलतं. या काळात लाल आणि हिरवा दोन्ही संकेत हलते असतात. तीन तासांनी वाचलेला स्फटिक आणि तीस तासांनी वाचलेला स्फटिक यांची तुलना करणं चूक आहे. किमान २४ तास थांबा, आणि सगळे स्फटिक तेवढ्याच अंतराने वाचा. २० ग्रेच्या पहिल्या वाचनालाही हाच नियम.

वाचनासाठी फार महाग सामान लागत नाही. साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी, त्यापुढे ४५० मध्य असलेला ४० नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर, ५०० नॅनोमीटरचा डायक्रोइक आरसा (निळा परतवून हिरवा-लाल पुढे सोडणारा), आणि कॅमेऱ्यापुढे दोन अदलाबदलीचे फिल्टर: एक ५४० भोवती, दुसरा ६८० भोवती. निळा फिल्टर विसरू नका. एलईडीच्या प्रकाशाची शेपूट ५०० पलीकडे जाते आणि ती चमकेपेक्षा कितीतरी प्रखर असते. फिल्टर नसला तर कोरा स्फटिकही "डोस" दाखवतो. कॅमेरा थंड केलेला सीमॉस किंवा सीसीडी हवा. मोबाईलचा कॅमेरा प्रात्यक्षिकापुरता ठीक, मोजणीला नाही, कारण तो स्वतःच्या मर्जीने प्रतिमा सुधारत बसतो.

भिंगाच्या बाबतीत बहुतेकांना जास्त वर्धनाचा मोह होतो. इथे ४एक्स पुरे. १०० एमईव्हीचे प्रोटॉन सगळे एकाच खोलीवर थांबत नाहीत; पाण्यात त्यांच्या पल्ल्यात सुमारे ०.८ मिलिमीटरचा नैसर्गिक पसारा असतो, स्फटिकात तो सुमारे ०.४ मिलिमीटर. १ मिलिमीटर जाड स्फटिकात ४एक्सच्या भिंगाने फोकसबाहेरच्या थरांमुळे येणारा धूसरपणा जेमतेम ५० मायक्रॉनचा. म्हणजे निसर्गाने आधीच पुसट केलेली रेघ तुम्ही कितीही मोठी करून पाहिलीत तरी ती टोकदार होणार नाही. ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा २०४८ रुंदीचा कॅमेरा ४एक्सला ३.३ मिलिमीटर दाखवतो. चार चौकटी थोड्या एकमेकींवर चढवून घेतल्या की पूर्ण लांबी मिळते.

सूक्ष्म वर्धनाची खरी गरज कमी ऊर्जेला लागते. ३ एमईव्हीचा प्रोटॉन या स्फटिकात साधारण ६५ मायक्रॉनमध्येच संपतो. तिथे १०एक्स किंवा २०एक्स घ्या आणि कडेचं पॉलिश उत्तम हवं. पण डोसचा अंदाज मात्र तिथे पार बदलतो: ३ एमईव्हीचे दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख कोटी प्रोटॉन दिले तर पृष्ठभागाशीच सुमारे दीड लाख ग्रे होतात. इतक्या डोसला स्फटिक डोळ्यांनाही पिवळसर दिसतो, आणि निळ्या एलईडीखाली पिवळ्या फिल्टरमधून पाहिला तर कडेच्या आत केसाएवढी एक उजळ रेघ उभी राहते. तो ब्रॅग पीक, डोळ्यांसमोर. मोहक दृश्य आहे, पण तिथे चमक संपृक्त, म्हणजे डोस वाढला तरी त्या प्रमाणात न वाढणारी, व्हायला लागलेली असते. पीकपाशी डोस सर्वाधिक, म्हणून आधी पीक चेपला जातो आणि वक्र बोथट होतो. अशा प्रयोगात एकाच्या ऐवजी दहा-दहा पटींच्या फरकाचे तीन डोस द्या आणि वक्राचा आकार सारखा राहतो का ते बघा. तुमच्या ५० ग्रेच्या स्फटिकाला उघड्या डोळ्यांनी काहीही झालेलं दिसणार नाही. घाबरू नका, सगळं कॅमेऱ्यात आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ५० ग्रेला संपृक्ततेचा प्रश्न नाही, तरी पीकपाशी स्फटिक कमी का सांगतो? कारण सरासरी डोस आणि प्रोटॉनच्या वाटेवरचा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात दर मायक्रॉनला सुमारे ०.४ केईव्ही टाकतो. पल्ल्याच्या शेवटी तो मंदावतो आणि हाच आकडा कित्येक पटींनी चढतो. ही सगळी ऊर्जा नॅनोमीटरभर रुंदीच्या गाभ्यात पडते. त्या गाभ्यापुरता डोस हजारो ग्रे किंवा त्याहून जास्त असतो, आणि तिथे नुकतेच तयार झालेले दोष इतके दाटीवाटीने असतात की काही पुन्हा एकमेकांत मिटून जातात आणि बाकीचे प्रकाश न देणाऱ्या मोठ्या गुच्छांत जातात. म्हणजे संपृक्तता स्फटिकभर नाही, पण प्रत्येक प्रोटॉनच्या वाटेवर आहे. डोस कमी केल्याने ती जात नाही. ही फक्त लिथियम फ्लोराईडची खोड नाही. कार्बन घातलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साईडचे ओएसएल (प्रकाश टाकून वाचले जाणारे) डिटेक्टरही पीकजवळ असंच कमी सांगतात.

उपाय दुरुस्ती-वक्राचा. एका स्फटिकाचा वक्र आयन चेंबरने बांधलेल्या मॉन्टे कार्लो गणनेवर ठेवा, खोलीनुसार दोघांचं गुणोत्तर काढा, आणि ते गुणोत्तर खोलीऐवजी त्या खोलीवरच्या दर-मायक्रॉन ऊर्जेसमोर मांडा. ही तुमची दुरुस्ती. मग वेगळ्या ऊर्जेला, समजा ७० एमईव्हीला, वेगळ्या स्फटिकाने मोजा आणि तीच दुरुस्ती लावून बघा. ज्या स्फटिकावरून दुरुस्ती काढली त्याच्यावरच ती लावून "जुळलं" म्हणणं म्हणजे स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच तपासणं. आणि लाल-हिरवा दोन्ही रंग वेगवेगळे ठेवा, बेरीज करू नका. दोन्ही केंद्रांच्या घडणीत फरक आहे, त्यामुळे पीककडे जाताना हिरव्या-लालचं प्रमाण हललं तर ती उपयोगी माहिती आहे. पण सपाट भागातही ते हललं तर तो बहुधा फिल्टरचा किंवा फोकसचा दोष.

पीकची जागा मात्र या कमी सांगण्यामुळे फारशी हलत नाही. उतरणीवर चमक पीकच्या ८० टक्क्यांवर येते ती खोली काढा, २.१३ ने गुणा, त्यात पुढचा अडसर मिळवा. हा आकडा चेंबरच्या आकड्याशी मिलिमीटरच्या आत जुळायला हवा. नाही जुळला तर स्फटिकाच्या आधी ॲक्रिलिकचा हिशेब पुन्हा करा.

हाताळणीतल्या चुका बारीक असतात, पण आठवडे खातात. बोटांचे ठसे निळ्या प्रकाशात हिरवे चमकतात. स्टीलच्या चिमट्याने कोपरा टवकाळतो, कारण हा स्फटिक ठरावीक प्रतलांत सहज फाटतो. प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा घ्या, आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक द्या, नायट्रोजनने किंवा स्वच्छ ब्लोअरने सुकवा. पाण्याने धुऊ नका. लिथियम फ्लोराईड पाण्यात लिटरला एक ग्रॅमच्या आसपास विरघळतो, मिठाच्या मानाने नगण्य, पण पॉलिश मारून टाकायला पुरेसा. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या आपल्या हवेत उघड्या डबीत ठेवलेले स्फटिकही मंद पडतात. सिलिका जेलचा डेसिकेटर ठेवा आणि जेलचा रंग दर आठवड्याला बघा. प्रत्येक डबीवर बीमची दिशा दाखवणारा बाण हवा. आणि स्फटिकाच्या मागच्या कोपऱ्याला, प्रतिमेबाहेर, हिऱ्याच्या टोकाने बारीक खूण. तो उलटा ठेवला गेला हे सहा महिन्यांनी कळून उपयोग नसतो.

एलईडी सुरू केल्यावर अर्धा तास जाऊ द्या. रोज पहिली प्रतिमा एका कायमच्या संदर्भ-स्फटिकाची घ्या: एकदा भरपूर डोस देऊन, काचेच्या पट्टीवर चिकटवून ठेवलेला. त्याची चमक मागच्या वेळेपेक्षा दोन टक्के हलली तर त्या दिवसाची वाचनं तेवढ्याने सुधारा. दहा टक्के हलली तर वाचू नका, दोष शोधा. अंधार-प्रतिमा आणि सपाट-प्रकाश प्रतिमा दर सत्राला नवी. निळा प्रकाश लागेल तेवढाच वेळ द्या. प्रखर प्रकाश तासन् तास दिला तर हिरवं केंद्र हळूहळू झिजतं.

स्फटिक पुन्हा वापरायचे असतील तर ४०० अंश सेल्सियसला एक तास, कोरड्या नायट्रोजनमध्ये, ॲल्युमिनाच्या बोटीत. दमट हवेत तापवू नका, हायड्रॉक्सिल आत शिरतो आणि पुढची संवेदनशीलता बदलते. चढउतार मिनिटाला ५ अंशांपेक्षा हळू. मध्येच वीज गेली तर भट्टीचं दार उघडून पाहू नका, बंदच ठेवून आपोआप थंड होऊ द्या. भट्टीतून निघालेला स्फटिक आधी वाचा, कोऱ्याच्या बरोबरीने उतरला आहे याची खात्री करा, आणि पुन्हा तेच २० ग्रे द्या. तापवण्याआधी जुन्या प्रतिमा मूळ १६ बिटच्या स्वरूपात दोन ठिकाणी साठवलेल्या असू द्या, कारण भट्टीनंतर ती नोंद पुन्हा वाचता येत नाही.